घरची खोली आणि विजेची गिटार



कामगार संघटनेच्या कामात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने वसंतातल्या या व्यासपीठावर विजेच्या गिटारीचा विषय घ्यावा, याचे चिटणिसांना नवल वाटले आणि ते त्यांनी बोलूनही दाखविले. आमच्या वाट्याला एरवी येणारे विषय ठरलेले आहेत : किमान वेतन, कंत्राटी पद्धत, गिरण्यांचा अस्त. ते विषय आम्हांस प्रिय आहेतच; पण यंदा ते बाजूला ठेवावेत असे एक कारण घडले. ते प्रथम सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संघटनेला धरण्यासाठी एक गाणे हवे होते. शब्द तयार होते, चालही बसली होती. आमचा भाचा दिवसा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी फिटर आहे आणि रात्री गिटार वाजवितो. उत्तर नागपुरातील त्याच्या दोन खोल्यांच्या घरी, संगणकावर, गाण्याचे ध्वनिमुद्रण करावयाचे ठरले. मे महिन्यात नागपुरात खिडक्या लावून बसणे म्हणजे काय, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. कूलर चालू ठेवावा तर त्याची घरघर गाण्यात शिरते. बंद करावा तर वाजविणाऱ्याची बोटे घामाने तारांवरून घसरतात. आम्ही कूलर बंद केला. शेजारच्या आजीबाई आजारी, म्हणून गिटार ध्वनिवर्धकास न जोडता, आवाज फाटका करणारे जे पेडल मुले पायाने दाबतात त्यातून थेट संगणकास जोडली. वाजविणे उत्तम झाले. मग ते परत लावून ऐकले, आणि भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, “मामा, हे तर माशी भणभणून राहिली!”

खरोखर माशीच होती. हीच गिटार, हेच पेडल, हीच बोटे. महिन्यापूर्वी जयंतीच्या मंचावर याच सुराने चौक भरून टाकला होता. मग खोलीत त्याची माशी का झाली? या प्रश्नाच्या मागे आम्ही वर्षभर लागलो. पुस्तके धुंडाळली, जाणकारांना गाठले, आणि ध्यानी आले की या माशीला चांगला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

आधी शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हार्मोनियमचा षड्ज आणि सनईचा षड्ज एकाच उंचीचे असले तरी डोळे मिटून ऐकणाऱ्यास ते वेगळे कळतात. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. त्यांपैकी कोणते ठळक आणि कोणते क्षीण, यावर नादगुण ठरतो. तरुण मंडळी यालाच ‘टोन’ म्हणतात, आणि आम्हीही तोच शब्द वापरू. टोन ओळखण्यास संगीतज्ञ असावे लागते असे मात्र नाही. १८७७ सालच्या पहिल्या जानेवारीला सुरू झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलमध्ये आमचे वडील साळखात्यात होते. साच्यांच्या त्या गडगडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नसे. पण जुना जॉबर दहा पावलांवरून सांगे की अमक्या साच्याचा धोटा नीट जात नाही. त्याने गाणे शिकलेले नव्हते. कान मात्र त्याचा तयार होता.

दुसरी गोष्ट अशी की, ध्वनिमुद्रण म्हणजे मोठे ध्वनिगृह, जाड दारे आणि तांबडा दिवा, ही कल्पना मागाहूनची आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीचे यंत्र घेऊन कलकत्त्यास आला, तेव्हा त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले ते हॉटेलच्या खोलीत. वीज नाही, मायक्रोफोन नाही. समोर एक कर्णा आणि त्याच्या टोकाशी मेणाच्या तबकडीवर चालणारी सुई. त्या काळी टोन राखण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे अंतर. मंद स्वराला कर्ण्याजवळ जावयाचे, तार स्वराला मागे सरावयाचे. मायक्रोफोनने आणि विजेने मुद्रण करण्याची रीत १९२५ पासून रूढ झाली. पण अंतराचा तो धडा जुना झालेला नाही, हे पुढे दिसेल.

आता गिटारीकडे वळू. साधी लाकडी गिटार मूळची मृदू आवाजाची. बँडमध्ये पितळी वाद्ये आणि ढोल सुरू झाले की ती ऐकू येईनाशी व्हायची. वाजविणारा बसलेला दिसे, इतकेच. लॉस एंजलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा एक वादक होता. तो हवाईयन पद्धतीने, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवी. अवजारे आणि साचे बनविणाऱ्या अडॉल्फ रिकनबॅकरच्या साहाय्याने त्याने १९३१ साली एक गिटार सिद्ध केली आणि १९३२ साली ती विक्रीस आली. अॅल्युमिनियमची, गोल तोंडाची, लांब दांड्याची. लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. तिचे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ सालीच सांगून ठेवले होते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी करावयाची. वरून पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलते आणि गुंडाळीत तशीच थरथरती वीज उत्पन्न होते. या गुंडाळीला पिकअप म्हणतात. गिटार हे वाद्य आहे की विजेचे उपकरण, हेच पेटंट कचेरीला लवकर उमगेना. अखेर १९३७ साली पेटंट मिळाले.

ती पहिली विजेची गिटार हवाईयन होती, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण आपल्या देशात मीड दाखविणारे वाद्य म्हणून हवाईयन गिटारच आधी रुजली. व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या एका पिढीने घरोघर ऐकल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजविला. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची तबकडी आजही निघते. अमेरिकेत उभ्या धरलेल्या विजेच्या गिटारीला मान मिळवून दिला तो चार्ली ख्रिश्चनने. १९३९ साली तो बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि साथीचे वाद्य पुढे येऊन बोलू लागले. १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे मरण परके वाटत नाही.

पिकअप कोण गुंडाळीत असे, हे इतिहासात क्वचित येते. कॅलिफोर्नियातील फुलर्टनचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा. आपल्या बर्डीवर अशी दुकाने किती होती ते स्मरावे. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. १९५१ ची टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या त्याच्या गिटारींचा दांडा स्क्रूने बसविलेला असे. बिघडला की काढा आणि दुसरा लावा, सायकलीच्या चाकासारखा. त्या कारखान्यात केसाहून बारीक तांब्याची तार हजारो फेरे गुंडाळण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. त्यांतील अबिगेल यबारा ही १९५६ साली कामास लागली. तार किती ताणावयाची, फेरे कसे पसरावयाचे, हे तिच्या बोटांना ठाऊक होते. आणि तिच्या आद्याक्षरांचे पिकअप आज शौकीन लोक शोधून, चढ्या भावाने घेतात. आपल्या गिरण्यांच्या रिळखात्यांत अशाच बायका होत्या. त्यांच्या हातच्या सुताचा तलम कपडा झाला. त्यांची आद्याक्षरे कोणी शोधीत नाही.

या गुंडाळीचा एक दोष आहे. ती तारेची थरथर पकडते तशी घरातल्या विजेची गुणगुणही पकडते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणून गाण्याखाली एक खर्जाचा ‘हूं’ सतत ऐकू येतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली यावर तोड काढली. एकाऐवजी दोन गुंडाळ्या, परस्परविरुद्ध दिशेच्या, आणि चुंबकांची टोकेही उलट. तारेचा सूर दोहोंत मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींस मारते. ज्याच्याजवळ एकेरी गुंडाळीची गिटार असेल, त्याने घरी वाजविताना बसल्या जागी हळूहळू फिरून पाहावे. एका दिशेला गुणगुण निम्म्याने उतरते. पंखा, नळीदिवा आणि फोनचा चार्जर यांपासून दूर बसावे. आणि घराला खरे अर्थिंग आहे की नाही हे एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. हे केवळ टोनसाठी नव्हे, जिवासाठी. आमच्या भाच्याच्या घरी तिसऱ्या भोकातली तार भिंतीच्या आत कोठेच पोहोचलेली नव्हती.

आता ज्या पुरुषाने घरची खोली हेच ध्वनिगृह केले, त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे. लेस पॉल याचा जन्म १९१५ साली अमेरिकेतील वॉकेशा या गावी झाला. १९४१ च्या सुमारास त्याने चार इंच जाडीच्या एका ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसविले. पोकळ पेटीच्या थरथरीने सूर घुमतो आणि किंचाळतो. ओंडका थरथरत नाही, म्हणून तार दीर्घकाळ वाजत राहते. लोक हसले, तेव्हा त्याने ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना गिटारीच्या आकाराचे पंख लावले. पुढे हॉलिवुडमधील घराच्या गॅरेजमध्ये त्याने तबकडी कोरण्याचे यंत्र स्वतः जुळविले. त्याचे जड चाक कॅडिलॅक मोटारीचे होते. एक गिटार वाजवून तबकडीवर घ्यावयाची. ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवावयाची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर. मग तिसरी, चौथी. १९४८ साली त्याची ‘लव्हर’ ही तबकडी बाजारात आली. तीत आठ गिटारी ऐकू येतात आणि आठही त्याच्याच. काही भाग त्याने यंत्र निम्म्या वेगाने फिरवून घेतले होते. पूर्ण वेगाने लावल्यावर ते सप्तकभर वर आणि दुप्पट जलद वाजतात.

बिंग क्रॉस्बी या गायकाने त्याला टेपचे यंत्र दिले, त्याला त्याने एक जादा हेड बसविले आणि एकाच फितीवर थरावर थर चढविण्याची सोय केली. या रीतीत एक भयंकर अट होती. आठव्या थराला चूक झाली की आधीचे सातही गेले. शिवाय प्रत्येक थराबरोबर खालचे थर मळत जात. म्हणून तो कमी महत्त्वाचे भाग आधी घेई आणि मुख्य गिटार शेवटी. पत्नी मेरी फोर्ड हिच्याबरोबरचे त्याचे ‘हाउ हाय द मून’ हे गाणे १९५१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, आणि ते घरीच मुद्रित झालेले होते. लेस पॉल गिटार बहुधा थेट यंत्राला जोडी. येथे आमच्या माशीचा प्रश्न अधिकच अवघड झाला : त्याने थेट जोडली तर सूर काचेसारखा, आणि आम्ही जोडली तर माशी! याचे उत्तर पुढे येईल.

मध्यंतरी एक गोष्ट आहे, जी संगीताच्या इतिहासकारांना तितकीशी महत्त्वाची वाटत नसेल. आम्हांस ती टाळता येत नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. त्यांचे म्हणणे सरळ होते : आम्ही एकदा वाजवितो, तबकडी हजार ठिकाणी वाजते, आणि त्या हजार ठिकाणचे वादक घरी बसतात, तेव्हा प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत टाका. दोन वर्षांहून अधिक काळ लढा चालला. १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत सर्व मोठ्या कंपन्यांनी मागणी मान्य केली. पुढे १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने संघटनेच्या हातातला असा निधी बेकायदा ठरला, म्हणून १९४८ साली जवळजवळ वर्षभर दुसरा बहिष्कार झाला आणि त्यातून त्रयस्थ विश्वस्ताच्या हाती निधी देण्याची तोड निघाली. ज्या वर्षी वादक बहिष्कारावर होते, त्याच वर्षी एका माणसाच्या आठ गिटारींची तबकडी दुकानात आली. लेस पॉलने संप फोडला असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सात वादकांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवूनही वाद्यवृंद उभा राहू शकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

असो. आता फाटक्या सुराकडे येऊ, कारण आमची माशी तेथली. निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकाला झेपेल त्याहून जास्त सूर दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेतून नवे उपस्वर फुटतात आणि सूर जाड, खरखरीत, दीर्घ होतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. १९६१ साली नॅशव्हिलमध्ये निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या गाण्यात ध्वनिगृहातील यंत्राचा एक भाग बिघडला होता आणि ग्रेडी मार्टिनची गिटार भुंग्यासारखी वाजली. ती तशीच ठेवली, लोकांना आवडली, आणि ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड मुद्दाम करणारी मंडलरचना बसविली. १९६२ साली ती पेडल म्हणून विकू लागले. १९६४ साली लंडनच्या एका कामगार घरातील डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या स्वस्त ध्वनिवर्धकाच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्यातून ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याची गिटार निघाली.

पाश्चात्यांनी हा फार मोठा शोध लावला असे म्हणतात. आमच्या मते मिरजेत तो आधीच ठाऊक होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी लावतात, ती दुसरे काय करते? तार घोडीला पुसटशी घासत राहते, उपस्वर फुलतात, आणि साधी ‘टण्ण’ जाऊन गुंजारव येतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी मिरजेत सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा केला, आणि जवारी काढणारा कारागीर दोऱ्याचा केसभर फरक कानाने ठरवितो. फाटकी गिटार ही विजेची जवारी आहे. आपल्या वरातींत आणि संदलांत कर्ण्यातून ओरडणारा विजेचा बेंजो आठवा. तोही तिचाच चुलतभाऊ, थोडा दांडगा.

मग माशी कोठून आली? छाटलेल्या लाटेतून उपस्वर निघतात ते अगदी वरपर्यंत, कानाला टोचणारेही. गिटारीच्या ध्वनिवर्धकात दहा-बारा इंची कागदी शंकूचा स्पीकर असतो. तो जड कागद सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या वरचे फारसे काही बाहेर टाकीत नाही. म्हणजे पेडल काटे उगवते आणि कागद ते खुडतो. आम्ही आजीबाईंच्या काळजीने नेमका कागदच वगळला होता. लेस पॉलचा सूर स्वच्छ होता, त्यात काटेच नव्हते. म्हणून त्याला थेट जोडणी मानवली.

हे आम्हांस पुस्तकातून पुष्कळ उशिरा कळले. आधी सांगितले ते एका माणसाने. हे गृहस्थ आमच्याच वयाचे, एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून वर्धा, चंद्रपूर, गोंदिया फिरलेले. आता इतवारीत एका दुकानाचे हिशेब लिहितात. त्यांची आणि त्यांच्यासारख्या अनेकांची कहाणी मुंबईच्या कहाणीची छोटी आवृत्ती आहे. हिंदी चित्रपटांच्या वैभवकाळी एका गाण्याला पन्नास, कधी शंभर वादक बसत. त्यांत गोव्याचे स्वरलेखन जाणणारे वादक किती तरी. सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वाद्यवृंद-रचनाकार पडद्यामागेच राहिले. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधील गिटार सर्वांना पाठ आहे, ती भूपिंदर सिंग यांनी वाजविली हे किती जणांस ठाऊक असते? मग सिंथेसायझर आणि संगणक आले. १९८९ साली ए. आर. रहमान यांनी मद्रासला घराच्या परसात ध्वनिगृह उभारले, १९९२ चा ‘रोजा’ आला, आणि घरचे ध्वनिमुद्रण हे गरिबाचे काम राहिले नाही. पुढच्या काही वर्षांत मुंबईतील मोठी वादक-दालने एकेक करून ओस पडली. इकडे विदर्भातही आठ माणसांच्या ऑर्केस्ट्राचे तीन झाले : एक गायक, एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला.

याची दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. बोस्टन या वाद्यवृंदाचा टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत दिवसा अभियंता होता आणि रात्री तळघरात गिटार मुद्रित करीत असे. १९७६ साली निघालेल्या त्या तबकडीचे कोट्यवधी खप झाले. १९७९ साली चार पट्ट्यांवर मुद्रण करणारे, साध्या कॅसेटवर चालणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र निघाले आणि नोकरदार माणसाला आपला सूर आपल्या घरी घेता येऊ लागला. एरवी आमच्या कंत्राटी फिटरला कोणत्या ध्वनिगृहाने दारात उभे केले असते? तासाचे भाडे त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीहून अधिक आहे.

ते हिशेबनीस गृहस्थ एका रविवारी सायंकाळी आले. माशी ऐकून त्यांनी पेडल काढून ठेवले. “अरे बाबू, गिटारचा आवाज तारेत अर्धाच राहते. बाकीचा त्या कागदात हाय,” असे म्हणून त्यांनी आपला जुना, आठ इंची स्पीकरचा, एका रेडिओ-मेकॅनिकने बांधून दिलेला लहान ध्वनिवर्धक खाटेवर ठेवला. लहान का, तर मोठा ध्वनिवर्धक हळू लावला म्हणजे तो झोपेतच असतो. लहान निम्म्याहून पुढे नेला की त्याचा कागद आणि नळ्या कामास लागतात, आणि तरी गल्ली जागी होत नाही. एरिक क्लॅप्टनने १९७० ची ‘लायला’ची गिटार अशाच एका लहान ध्वनिवर्धकावर वाजविली, हे त्यांना ठाऊक होते. ऑर्केस्ट्रावाले वाचीत नाहीत, हा आमचा समज तेथे गेला.

खाली गोधडी, मागे गोधडी, आणि दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या. उघड्या भिंतीवर सूर आपटून परत येतो आणि मायक्रोफोनमध्ये एकच सूर दोनदा, किंचित अंतराने पोहोचतो. त्यामुळे काही स्वर फुगतात, काही पोकळ होतात. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची उघडी दारेही हेच काम करतात. मग त्यांनी मायक्रोफोन हातात घेतला आणि भाच्याला एकच झंकार पुनःपुन्हा वाजवावयास सांगितले. स्पीकरच्या मधोमध धरला तर सूर टोचरा. कडेकडे नेला तसा गोल आणि मंद. कागदाला अगदी भिडविला तर खर्ज फुगला. चार बोटे मागे घेतला तर उतरला. कानावर हेडफोन, डोळे मिटलेले, आणि हात इंच-इंच सरकतो आहे. गैसबर्गच्या कर्ण्यासमोर गायिका मागे-पुढे सरकत ते हेच. पंचवीस मिनिटे त्यांनी फक्त जागा शोधली. जागा सापडल्यावर फरशीवर खडूने खूण केली.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जवारी हवी वाटते त्याच्या निम्मीच ठेव. एकट्याने ऐकताना पोकळ वाटेल, पण ढोलकी आणि गळा मिसळला की तीच जागा धरते. दुसरी, संगणकात सूर भरताना काटा शेवटच्या खुणेपर्यंत नेऊ नये. नळ्यांनी शेंडे छाटले तर गोडवा येतो, संगणकाने छाटले तर नुसता तडका ऐकू येतो आणि मागाहून तो काढता येत नाही. मग तोच भाग भाच्याने दुसऱ्यांदा, पहिल्याच्या बरोबरीने वाजविला. एक डाव्या कानाला, दुसरा उजव्या. हाताने दोनदा वाजविलेले तंतोतंत सारखे नसते, म्हणूनच ते भरदार वाटते. पहिल्याचीच नक्कल करून लावली तर नुसता आवाज वाढतो. आजकाल स्पीकरच्या कागदाचा ठसा गणिताने संगणकात उतरविता येतो आणि रात्री बारा वाजताही, कोणाला न उठविता, माशी टाळता येते. भाचा आता तेही करतो. पण कोणता ठसा बरा, हे त्याला कळते ते त्या रविवारच्या खडूमुळे, असे तोच म्हणतो.

पुढच्या बैठकीत या कामाचा खर्च मंजुरीस आला. गृहस्थांनी काही मागितले नव्हते. आम्ही एका दिवसाच्या हजेरीइतकी रक्कम सुचविली. कार्यकारिणीतील एक तरुण सभासद, कामाचा, प्रामाणिक, म्हणाला, “संगणकात सगळीच वाद्ये मिळतात, मग माणूस काहून बोलवायचा?” बैठकीत कोणी हसले नाही. बरोबर हेच वाक्य आम्ही दोन महिन्यांपूर्वी वाटाघाटीच्या टेबलापलीकडून ऐकले होते. तेथे संगणकाच्या जागी कन्व्हेयर होता. त्या तरुणाला ते आठवले की नाही, कोण जाणे. आम्ही आठवण करून दिली नाही. चर्चा तासभर चालली आणि ठराव दोन मतांनी संमत झाला. संघटनेच्या वहीत ‘गाणे, गिटार व मायक्रोफोन : हजेरी एक’ अशी नोंद आहे.

गाणे धरण्यात वाजले आणि बरे वाजले. मग ते फोनवरून शेकडो कामगारांकडे गेले, आणि नवी अडचण उभी राहिली. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरातून गिटारीचा खर्जाचा भाग मुळीच ऐकू येत नाही. गृहस्थ म्हणतात, मायक्रोफोन बोटभर मधोमध सरकवून परत घ्यावे लागेल. पावसाळा लागून कूलर बंद झाले की बसू.